मानू गालो: आयव्हरी कोस्टची बेसवादक, गायिका आणि बँडप्रमुख. वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी भेटेल त्याला मानू गालोची गाणी ऐकवते आहे. ऐकून झाल्यावर जे प्रश्न येतात ते बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून काढली. सुरुवातीचे प्रश्न अगदी नवख्यांसाठी आहेत. ज्यांनी ती आधीपासून ऐकली आहे त्यांनी थेट आठव्या प्रश्नापासून वाचलं तरी चालेल.

१. ही मानू गालो कोण? आधी थोडक्यात सांगा.

पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टची कलावंत. जन्म १९७२ चा, गाव दिवो. ती बेस गिटार वाजवते, गाते, गाणी रचते आणि स्वतःचा बँड चालवते. लहानपणी ती ढोल वाजवायची. तेराव्या वर्षाच्या आसपास वोया नावाच्या बँडमध्ये आली, पुढे आबिजान शहरातल्या की-यी या कलावंतांच्या वस्तीत घडली आणि १९९७ च्या सुमारास ब्रसेल्सला जाऊन झाप मामा या गटाची बेसवादक झाली. २००० नंतर तिने स्वतःचा बँड उभा केला. 'दिदा' (२००३), 'लोलिन' (२०१०) आणि 'आफ्रो ग्रूव्ह क्वीन' (२०१८) हे तिचे काही अल्बम.

२. आयव्हरी कोस्ट म्हणायचं की कोत दिव्वार? आणि हा देश नेमका कुठे?

देश एकच. कोत दिव्वार हे त्याचं अधिकृत फ्रेंच नाव, आणि ते भाषांतर न करता तसंच वापरावं अशी त्या सरकारची इच्छा आहे. मराठी वर्तमानपत्रांत आयव्हरी कोस्ट रुळलं आहे म्हणून मी इथे तेच ठेवलं. घानाच्या पश्चिमेला, अटलांटिकच्या गिनी आखाताला लागून हा देश आहे. १९६० साली तो फ्रान्सपासून स्वतंत्र झाला. जगात सर्वांत जास्त कोको इथे पिकतो. कागदोपत्री राजधानी यामुसुक्रो, पण व्यापार, रेडिओ-टीव्ही, संगीत सगळं आबिजानला. दिवो हे आबिजानच्या वायव्येचं, कोकोच्या पट्ट्यातलं गाव.

३. बेस गिटार म्हणजे काय? खरं सांगते, गाण्यात मला ती ऐकूच येत नाही.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि विचारायला कुणी लाजू नये. साध्या गिटारला सहा तारा असतात, बेसला बहुधा चार, आणि त्या जाड असतात. स्वर गिटारपेक्षा एक सप्तक खाली. सगळ्यात खालची मोकळी तार सेकंदाला साधारण ४१ कंपनं करते. एवढा खर्जातला स्वर फोनच्या चिमुकल्या स्पीकरमधून नीट उमटतच नाही, त्यामुळे दोष तुमच्या कानांचा नाही. बरे हेडफोन लावून तेच गाणं पुन्हा ऐका. मी तसं केलं तेव्हा, इतके दिवस आपण घराचा पहिला मजलाच पाहत होतो आणि तळमजला आज दिसला, असं वाटलं होतं.

काम समजून घ्यायचं असेल तर तुणतुणं आठवा. गोंधळात किंवा पोवाड्यात ते एका तारेवर स्वरही धरतं आणि लयही. मागच्या माणसाला ते वेगळं ऐकू येत नाही, पण थांबलं की गाणं एकदम पोकळ होतं. बेसही स्वर आणि ताल यांच्या मधली जागा सांभाळते. फरक असा की तुणतुणं एकाच स्वरावर टिकून राहतं, बेस मात्र गाण्याच्या खालून सतत चालत असते.

४. ती आधी ढोल वाजवायची म्हणता. तिथे बायकांना ढोल वाजवू देतात का?

सगळे ढोल नाही. मानूला आजीने वाढवलं, आणि गावातल्या समारंभांमधून तिचा हात ढोलावर बसला. त्या भागात 'बोलता ढोल' असतो. तो परंपरेने पुरुषांचा. निरोप द्यायचा, मृत्यूची वर्दी द्यायची, मान्यवरांचं स्वागत करायचं, ही त्याची कामं. एका मुलीने त्यावर हात चालवणं ही तिथे साधी गोष्ट नव्हती. कुठल्या वाद्याला कुणी हात लावायचा याचे नियम आपल्याकडेही आहेत, तेव्हा हे मराठी वाचकाला फार समजावून सांगावं लागू नये.

ढोल 'बोलतो' म्हणजे काय, ते मात्र सांगायला हवं, कारण मानूच्या साऱ्या वादनाची किल्ली मला तिथे सापडली. तिथल्या भाषांमध्ये स्वराची उंची बदलली की शब्दाचा अर्थ बदलतो. तीच अक्षरं वरच्या स्वरात म्हटली तर एक शब्द, खालच्या स्वरात म्हटली तर दुसरा. मग एक उंच आणि एक खालच्या आवाजाचा असे दोन ढोल घेतले, की वाक्याची चाल हुबेहूब वाजवता येते आणि जाणणारा ऐकून अर्थ लावतो. म्हणजे ज्या मुलीच्या हाताला लय आणि स्वर या दोन गोष्टी कधी वेगळ्या वाटल्याच नाहीत, तिच्या हाती बेस आली. तिच्या वादनात मला वाक्यं ऐकू येतात. प्रश्न टाकल्यासारखी एक ओळ वर चढते आणि उत्तर दिल्यासारखी दुसरी खाली येऊन टेकते. हे ज्ञान तिला बेस शिकताना मिळालेलं नाही, ती ते सोबत घेऊनच आली.

५. वोया हा काय प्रकार होता? शाळकरी मुलगी बँडमध्ये कशी?

वोया हा दिवोचा बँड. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर टीव्हीवरच्या स्पर्धेमुळे तो गाजला आणि शेजारच्या देशांतही त्याचे कार्यक्रम झाले. 'काकू आनांझे' हे त्यांचं सर्वांत लोकप्रिय गाणं. हे नाव त्या भागातल्या लोककथांमधल्या धूर्त कोळ्याचं आहे. आपल्या गोष्टींत कोल्हा जे करतो ते तिथे कोळी करतो.

मानू तिथे वयाने लहान होती, पण शोभेची बाहुली म्हणून ठेवलेली नव्हती. वाजवत होती, आणि बेस तिला तिथेच भेटली. संगीतकार मार्सेलें यासे हा त्या बँडमधला महत्त्वाचा माणूस. त्याने तिला हाताशी धरलं, आणि बँड विस्कटल्यावर ती त्याच्याबरोबर आबिजानला आली. गुरू हा शब्द मी सहसा सैलपणे वापरत नाही, इथे वापरते. सप्टेंबर २००२ मध्ये आयव्हरी कोस्टमध्ये यादवी युद्धाला तोंड फुटलं, त्याच दिवशी आबिजानमध्ये गोळी लागून तो गेला. मानू तोवर युरोपात होती.

६. की-यी ही संगीतशाळा होती का? तिथे प्रवेश कसा मिळायचा?

शाळा म्हटलं तर आपल्या डोळ्यांसमोर वर्ग आणि वेळापत्रक येतं. की-यी म्बोक हे त्यापेक्षा गुरुकुलाच्या जवळचं. मूळच्या कॅमेरूनच्या लेखिका, चित्रकार आणि रंगकर्मी वेरे वेरे लिकिंग यांनी १९८५ साली आबिजानमध्ये ते उभं केलं. माणसं तिथे एकत्र राहायची. नाटक, नाच, कळसूत्री बाहुल्या, चित्रकला, गाणं हे सगळं एका छताखाली, आणि ज्यांच्या घरी शिकायची सोय नव्हती अशी अनेक तरुण मुलं तिथे तयार झाली. गायिका दोबे न्याओरे हीदेखील याच वस्तीत वाढली, तिचे वडील बोनी न्याओरे तिथले मोठे तालवादक.

मानूच्या दृष्टीने याचा फायदा काय झाला? तिला रंगमंच कळला. बेसवादक साधारणपणे ड्रमच्या बाजूला, अंधारात उभा असतो. नाटकवाल्यांमध्ये राहिलेल्या माणसाला अंधारात उभं राहणं जमत नाही. ती पुढे येते, नाचते, हाक देते, हसते, आणि हे करताना बोटं एका क्षणासाठीही मागे पडत नाहीत. केवळ बेस शिकून हे आलं असतं असं मला वाटत नाही.

७. फ्रेंच बोलणारे आफ्रिकन कलावंत पॅरिसला जातात. ही ब्रसेल्सला का गेली?

कारण बोलावणं ब्रसेल्सहून आलं. तिथे झाप मामा हा गट होता. त्याची संस्थापक मारी दोल्न, जन्म काँगोतला, वाढ बेल्जियममधली. सुरुवातीला या गटात वाद्यं जवळपास नव्हतीच. पाच बायका केवळ कंठातून सगळं उभं करायच्या, खालचा आधारसुद्धा तोंडाने गायचा. १९९७ च्या 'सेव्हन' या अल्बमपासून दोल्नने वाद्यांची साथ घेतली, आणि त्या टप्प्यावर मानू आली. विचार करा, ज्या गटात बेसची जागा आजवर माणसाच्या आवाजाने भरली होती, तिथे तारेवरची बेस आणायची. केवळ घुमणारी, बोथट बेस तिथे टिकलीच नसती. गाणारी बेस हवी होती, आणि ती कुठून आली ते चौथ्या प्रश्नात आलंच आहे. काही वर्षं ती या गटाबरोबर जगभर फिरली. १९९९ च्या 'आ मा झोन' या अल्बममध्येही तिची बेस आहे.

८. वाजवता वाजवता गाणारे तर कितीतरी आहेत. बेस वाजवत गाण्यात विशेष काय?

गिटार किंवा पेटी वाजवत गाणाऱ्याचा हात बहुधा गाण्याच्याच मात्रांवर पडतो. शब्द आणि झंकार जोडीने चालतात. बेसचं तसं नाही. तिची ओळ स्वतंत्र असते, आणि आफ्रिकन संगीतात ती मुद्दाम गाण्याच्या फटीत बसवलेली असते. गाणं समेवर, बेस समेच्या आधी. गाणं थांबलं, बेस बोलली. म्हणजे एका डोक्यात दोन माणसं चालवायची, आणि त्यांची पावलं एकमेकांवर पडू द्यायची नाहीत.

करून पाहायचं असेल तर डाव्या हाताने मांडीवर तीन मात्रांचा ठेका धरा, उजव्याने त्याच वेळात दोन मात्रा द्या, आणि त्यावर एखादी ओवी म्हणा. पहिल्या दिवशी ओवी तुटेल. महिनाभराने कदाचित हात तुटणार नाहीत. पश्चिम आफ्रिकेतल्या ढोलवादनात तीनवर दोन ही बाराखडी आहे, लहान मुलांच्या अंगात ती टाळ्या वाजवतानाच मुरते. म्हणून मानूला गाताना पाहिलं की कसरत दिसत नाही. मी मुद्दाम तिच्या डाव्या हाताकडे पाहत राहते, आणि दर वेळी दोन ओळींनंतर गाण्यातच ओढली जाते.

९. बँडप्रमुख तर गायक किंवा गिटारवाला असतो. मागे बसणारं वाद्य बँड कसा चालवणार?

उलट, बँड चालवायला बेसइतकी सोयीची जागा नाही. पेटी जवळ असेल तर एक प्रयोग करा. सा, ग, प हे तीन स्वर एकत्र धरून ठेवा. खाली मंद्र सा दाबा, सगळं प्रसन्न वाटेल. आता वरचे स्वर तसेच ठेवून सा सोडा आणि मंद्रातला ध दाबा. वरचं काहीही बदललेलं नाही, तरी सगळ्यावर सावली पडल्यासारखं होतं. हा अधिकार बेसकडे असतो. शिवाय ड्रमशी तिची जोडी असते, त्यामुळे वेग वाढवायचा, रोखून धरायचा, सगळ्यांना एकदम थांबवायचं, हे मान न हलवता करता येतं.

मानूने ब्रसेल्समध्ये २००१ च्या सुमारास जिब्वा हा आपला बँड उभा केला. त्यातला अवघड भाग वाजवण्याचा नव्हताच असं मला वाटतं. दुसऱ्याच्या बँडमध्ये बेसवादक उत्तरं देत असतो, स्वतःच्या बँडमध्ये प्रश्न त्यालाच काढावे लागतात. गाणं कशावर, किती लांब, कोण कधी गप्प राहणार. तालमीचा खर्च, प्रवास, व्हिसा, सोबत्यांचं मानधन हेही बँडप्रमुखाच्याच डोक्यावर. पूर्वी पुरुषांच्या बँडमध्ये गायिका पुढे उभी असायची आणि निर्णय मागे व्हायचे. इथे निर्णय घेणारी, गाणारी आणि पाया घालणारी एकच बाई आहे, आणि मला तिच्याबद्दल जी असोशी वाटते ती यामुळेच.

१०. ती कोणत्या भाषेत गाते? शब्द कळत नाहीत, मग ऐकून उपयोग काय?

दिदा ही तिच्या माणसांची भाषा, आणि पहिल्या अल्बमला तिने तेच नाव दिलं. क्रू भाषाकुळातली ही भाषा दिवो आणि लाकोता भागात बोलली जाते. फ्रेंचही तिच्या गाण्यांत येते. युरोपात राहून, युरोपातल्या श्रोत्यांपुढे, त्यातल्या कुणालाही न कळणारी भाषा पहिल्याच अल्बमच्या माथ्यावर लिहायची, याचं मोल ओळखायला मराठी माणसाला वेळ लागू नये.

दिदा लोकांची आणखी एक ओळख म्हणजे ताडाच्या पानांतून काढलेल्या राफिया धाग्यांची वस्त्रं. मागाशिवाय, हाताने वेणी घातल्यासारखी विणायची आणि मग जागोजागी बांधून रंगवायची. मोठ्या संग्रहालयांत ती जपून ठेवली आहेत. गाण्याशी याचा थेट संबंध नाही, पण ती वस्त्रं पाहिल्यापासून मला तिच्या गाण्यांतली गुंफण जास्त दिसू लागली.

शब्दांचं म्हणाल तर, पहिल्यांदा ऐकताना बेसलाच गायिका समजा.

११. ती आफ्रिकेतली पहिली बेसवादक स्त्री आहे ना?

नाही. अशी बिरुदं कृपया पुढे पाठवू नका, त्यात आधीच्या बायका पुसल्या जातात. गिनी देशात १९६१ साली सशस्त्र पोलीस दलातल्या स्त्रियांचा वाद्यवृंद स्थापन झाला. तोच पुढे 'लेझ आमाझोन द गिने' म्हणून गाजला. गिटार, बेस, सॅक्सोफोन, ड्रम सगळं बायकांच्या हाती. १९७७ साली नायजेरियात लागोसला भरलेल्या आफ्रिकन कलामहोत्सवात त्या वाजल्या, १९८३ साली त्यांचा पॅरिसचा अल्बम आला आणि २००८ मध्ये आणखी एक. मानूचा जन्म होण्याआधीच तिथे बायका गणवेशात वाद्यं वाजवत होत्या.

मानूचं वेगळेपण दुसरं आहे. गिनीच्या त्या वाद्यवृंदामागे स्वतंत्र झालेल्या देशाचं सांस्कृतिक धोरण होतं. मानूमागे असं कुणी नव्हतं. ती एकटीने आपल्या नावावर, बेस मध्यभागी ठेवून उभी राहिली.

१२. 'अमेझॉन' नावाचे किती गट आहेत? माझा पूर्ण गोंधळ झाला आहे.

साहजिक आहे. गिनीच्या वाद्यवृंदाची माहिती ११ व्या प्रश्नात आहे. 'लेझामाझोन दाफ्रिक' हा वेगळा गट. मालीतल्या उमू सांगारे, मामानी केता आणि मारियम दुंबिया या गायिकांनी २०१४ साली तो सुरू केला, पहिला अल्बम २०१७ चा. तो गायिकांचा मेळा आहे, वाद्यवृंद नाही. आणि 'आ मा झोन' हा गटच नव्हे, तो झाप मामाचा अल्बम आहे. नावात फ्रेंच शब्दखेळ आहे: एकत्र वाचलं तर अमेझॉन, तोडून वाचलं तर 'माझ्या हद्दीत'. मानूची बेस आहे ती या अल्बममध्ये.

१३. तिचं बरंच संगीत फंक वाटतं. मग ते अमेरिकन झालं, आफ्रिकन कसं?

फंक म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं, बेस आणि तालावर उभं असलेलं नाचाचं संगीत. त्यात अंगठ्याने तारेवर थाप देऊन बोटाने तार उपटायची पद्धत आहे. ती रूढ केली अमेरिकन बेसवादक लॅरी ग्रॅहमने. तरुणपणी तो आईच्या साथीला वाजवायचा. ड्रमवाला सोडून गेला, तेव्हा त्याने अंगठ्याच्या थापेने मोठ्या ड्रमची आणि उपटलेल्या तारेने लहान ड्रमची जागा भरली. म्हणजे ही पद्धत जन्मली ती ढोलाची उणीव भरून काढण्यासाठी. आता दुसऱ्या बाजूने पाहा: दिवोची एक मुलगी हातात ढोल घेऊनच बेसकडे येते आणि तिला ही थाप परकी वाटत नाही. अटलांटिकच्या एका काठावरून गुलाम करून नेलेल्या माणसांबरोबर जी लय गेली, ती दुसऱ्या काठावर फंक होऊन उभी राहिली. मानू ती परत घेते आहे. यात उसनं काय आहे?

फंकच्या घरातल्यांनीही तिला आपलं मानलं. बूट्सी कॉलिन्स हे या संगीतातलं फार मोठं नाव, फंकचा गायक जेम्स ब्राऊन याच्या साथीला वाजवलेला बेसवादक. त्याच्या २०१७ च्या 'वर्ल्ड वाइड फंक' या अल्बममध्ये एका गाण्यावर स्टॅन्ली क्लार्क आणि व्हिक्टर वूटन या नावाजलेल्या बेसवादकांच्या शेजारी मानूची बेस आहे. पुढच्या वर्षीच्या 'आफ्रो ग्रूव्ह क्वीन'मध्ये कॉलिन्स तिच्याकडे आला.

१४. कुठून ऐकायला सुरुवात करू?

गाणं आवडणाऱ्यांनी 'दिदा'पासून. तिथे ढोल आणि गाव जवळ आहेत. नाचायचं असेल तर 'आफ्रो ग्रूव्ह क्वीन'. 'लोलिन' मी तिसऱ्यांदा ऐकायला सांगते, कान तयार झाल्यावर. शिवाय दोबे न्याओरे आणि कॅमेरूनची गायिका करेस फोत्सो यांच्याबरोबर तिने 'अकूस्टिक आफ्रिका' या नावाखाली दौरे केले आहेत. त्यातलं ध्वनिमुद्रण मिळालं तर सोडू नका. तिघी आपापली गाणी गातात, आणि दुसरीच्या गाण्यात मानू बेसवर काय करते, किती मागे राहते, हे ऐकण्यात मोठं शिक्षण आहे. हेडफोनचं तिसऱ्या प्रश्नात सांगितलं आहेच.

१५. माझ्या बारा वर्षांच्या मुलीला बेस शिकायची आहे. घरचे म्हणतात हात लहान आहेत, गिटार घे किंवा गाणं शिक. काय करू?

मानूच्या हाती बेस साधारण याच वयात आली होती. नेहमीच्या बेसवर तारेची मोकळी लांबी ३४ इंच असते, पण ३० इंचांच्या लहान बेसही मिळतात आणि त्या नवशिक्यांच्या हाताला बऱ्या पडतात. दुकानात मुलीला बसवून, पट्टा लावून, उभं करून वाजवायला द्या. वजन खांद्याला झेपतं का तेही पाहा. मुंबईत वाढलेली मोहिनी डे लहानपणापासून बेस वाजवते. ए. आर. रहमानपासून अमेरिकन गिटारवादक स्टीव्ह वायपर्यंत अनेकांना तिने साथ केली आणि २०२३ मध्ये स्वतःच्या नावाचा अल्बम काढला. तिचं वादन घरच्यांना दाखवा, म्हणजे मुलीचे हात हा विषय निघणार नाही.

आणि गाणं की बेस असा प्रश्न मुलीपुढे टाकूच नका. आठव्या प्रश्नातला मांडीवरचा ठेका आजपासून सुरू करा, ओवी तिला येत असेल ती.